तबकडी न उलटता

मिलोश फोरमन यांचा 'अमॅडिअस' १९८४ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा तो साधारण दोन तास चाळीस मिनिटांचा होता, आणि त्याच रूपात त्याने आठ ऑस्कर मिळवले. १९९७ मध्ये अमेरिकेत त्याची डीव्हीडी निघाली. तबकडी एकच, पण निम्मा चित्रपट एका बाजूला आणि उरलेला दुसऱ्या बाजूला. ऐन रंगात उठायचे, तबकडी प्लेअरमधून काढायची, उलटायची आणि पुन्हा घालायची. २००२ मध्ये तीन तासांची दिग्दर्शकीय आवृत्ती दोन तबकड्यांच्या संचात आली आणि पुढे बाजारात तीच राहिली. २०२५ मध्ये मूळ आवृत्ती फोर-के तबकडीवर येईपर्यंत, दोन दशकांहून अधिक काळ, चित्रपटगृहातला 'अमॅडिअस' घरी पाहू इच्छिणाऱ्याचा मुख्य आधार ती जुनी, उलटावी लागणारी तबकडीच होती.

अशा तबकडीची सलग, कुठेही न अडखळणारी एक प्रत कशी करावी, या प्रश्नावर हौशी मंडळींनी गेली पंचवीस वर्षे डोके शिणवले आहे. वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक वाटतो. दोन फायली एकीमागे एक ठेवायच्या, झाले काम. पण तसे केले की सांध्यावर चित्र गोठते, नाहीतर आवाज पुढेमागे सरकतो, नाहीतर प्लेअर अर्ध्यातच 'चित्रपट संपला' असे समजून मेनूवर परततो. याचे मुख्य कारण असे: दोन्ही बाजूंची घड्याळे स्वतंत्र चालतात. आजवरचे मार्ग पारखून माझे मत असे झाले आहे की जोडताना चित्राला हात लावू नये आणि घड्याळाकडे दुर्लक्ष करू नये. पुढचे सगळे मार्ग मी या कसोटीवर तोलणार आहे.

आधी दोन बाजू आल्या कशा ते पाहू. डीव्हीडी जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये आणि अमेरिकेत मार्च १९९७ मध्ये आली. ही तबकडी मुळातच दोन चकत्या चिकटवून बनते. प्रत्येक चकती ०.६ मिलिमीटरची, एकूण जाडी १.२ मिलिमीटर. साध्या तबकडीत एका चकतीवर ४.७ जीबी माहिती असते आणि दुसरी कोरी. एकाच बाजूला दोन थर देऊन ८.५ जीबी बसवण्याची सोय तंत्रात होती, पण सुरुवातीच्या काळात असे दुहेरी थर बिनचूक छापणारे कारखाने कमी होते. त्यापेक्षा कोऱ्या चकतीच्या जागी दुसरी भरलेली चकती चिकटवणे सोपे पडे. क्षमता ९.४ जीबी. इंग्रजीत अशा तबकडीला फ्लिपर म्हणू लागले. वॉर्नरने 'गुडफेलाज' १९९७ मध्ये याच प्रकारे काढला, न्यू लाइनने 'सेव्हन'ही. दोन्ही चित्रपट पुढे नव्या संचांत आले तेव्हा न उलटता पाहता येऊ लागले.

आता थोडे गणित, कारण पुढचा निर्णय त्यावर ठरतो. 'गुडफेलाज' १४६ मिनिटांचा आहे. तो एका थरावर, ४.७ जीबीत बसवायचा तर चित्र, आवाज आणि सबटायटल मिळून सेकंदाला सरासरी ४.३ मेगाबिट वाट्याला येतात. डीव्हीडीचे नियम नुसत्या चित्राला ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा देतात. म्हणजे चित्राची चांगलीच ओढाताण. तोच चित्रपट दोन बाजूंत वाटला की प्रत्येक बाजूला ७३ मिनिटे आणि सरासरी साडेआठ मेगाबिटपर्यंत जागा मिळते. तबकडी उलटण्याचा त्रास प्रेक्षकाला दिला तो याच जागेसाठी. एकसंध प्रत करताना हीच जागा पुन्हा काढून घेतली, तर जोडण्यात काय मिळवले?

आणि सुरुवातीच्या काळात नेमके तेच होत होते. २००० नंतरच्या काही वर्षांत घरोघरच्या संगणकांवर तबकडी लिहिणारे ड्राइव्ह आले, पण कोऱ्या तबकड्या ४.७ जीबीच्याच मिळत. म्हणून डीव्हीडी श्रिंकसारखी साधने लोकप्रिय झाली. त्यांत दोन्ही बाजूंचे मुख्य चित्रपट एकाखाली एक ओढून ठेवता येत आणि साधन त्यांना दाबून एका तबकडीत कोंबे. हा मार्ग दोन ठिकाणी चुकतो. आठ-नऊ जीबीचे चित्र जवळपास निम्मे होते. अंधाऱ्या दृश्यांत चौकोन उमटतात, धूर आणि पाऊस चिखलासारखे दिसतात. आणि एवढे करूनही जोड होतच नाही. दोन भाग दोन वेगळी 'टायटल' म्हणून राहतात, मध्ये प्लेअर थबकतो, चॅप्टरची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. मीही त्या दिवसांत असल्या प्रती केल्या, आणि नंतर मूळ तबकड्या पुन्हा बाहेर काढून ते सगळे काम नव्याने करावे लागले. दाबून केलेली प्रत ही जपणूक नाही, असे मी आता ठामपणे म्हणतो.

जोडण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी. दोन्ही बाजूंनी चकाकणारी प्रत्येक तबकडी फ्लिपर नसते. कित्येक अमेरिकी तबकड्यांवर एका बाजूला रुंद पडद्याची आवृत्ती आणि दुसऱ्या बाजूला जुन्या टीव्हीच्या मापाची तीच कथा असते. काहींवर एका बाजूला पूर्ण चित्रपट आणि दुसऱ्या बाजूला मुलाखती. यांत जोडण्यासारखे काही नाही. दुबाजू तबकडीवर चित्र छापायला जागा नसते, त्यामुळे कोणती बाजू कशाची हे मधल्या भोकाभोवतीच्या बारीक कड्यावर लिहिलेले असते. भिंग घेऊन ते वाचावे.

आता मुख्य मुद्दा, घड्याळाचा. डीव्हीडीतले चित्र, आवाज आणि सबटायटल एकाच प्रवाहात विणलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्यावर तो कधी दाखवायचा किंवा ऐकवायचा याची वेळ नोंदलेली असते. ही वेळ सेकंदाच्या नव्वद हजाराव्या भागात मोजतात. पहिल्या बाजूचे घड्याळ शून्यापासून निघून तासाभराच्या पुढे जाऊन थांबते. दुसऱ्या बाजूचे पुन्हा शून्यापासून निघते. दोन फायली नुसत्या चिकटवल्या की प्लेअरच्या दृष्टीने काळ एकदम सव्वा तास मागे उडी घेतो. काही प्लेअर ही उडी निभावतात, काही अडकतात. त्यातच पहिल्या बाजूच्या चित्रप्रवाहाच्या शेवटी 'इथे क्रम संपला' असे सांगणारी चार बाइटची खूण असते. ती तशीच राहिली तर काही प्लेअर तिचे इमानाने ऐकतात आणि थांबतात.

आवाजाची गोष्ट याहून नाजूक आहे. डॉल्बी डिजिटल आवाज ३२ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत येतो. अमेरिकी तबकडीवर चित्राची चौकट साधारण ३३.३७ मिलिसेकंदांची, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ४०ची. त्यामुळे चित्र आणि आवाज एकाच क्षणी क्वचितच संपतात. शेवटी आवाजाचा थोडा तुकडा जास्त उरतो किंवा कमी पडतो. बाजू संपताना हे कोणाला कळत नाही, कारण प्रेक्षक तबकडी उलटायला उठलेला असतो. पण चित्राला चित्र आणि आवाजाला आवाज असे वेगवेगळे जोडले की तो उरलेला तुकडा पुढचा सगळा आवाज सरकवतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राआधी ४५ मिलिसेकंद आला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला, की माणसाच्या लक्षात येऊ लागते. एका ३२ मिलिसेकंदांच्या तुकड्याने बिघडत नाही. पण पहिल्या बाजूच्या शेवटी आवाज पाव सेकंद लांबला असेल, तर चित्रपटाचा संपूर्ण उत्तरार्ध ओठ आधी आणि शब्द नंतर असा होतो. अशा प्रती मी पाहिल्या आहेत. पाहणाऱ्याला काहीतरी बिनसल्याचे जाणवते, पण नेमके काय ते सांगता येत नाही, आणि अभिनयच खोटा वाटू लागतो.

यावरचा जुना, कष्टाचा उपाय म्हणजे सगळे उसवून पुन्हा विणणे. दोन्ही बाजूंचे चित्र, आवाज आणि सबटायटल सुटे करायचे. पहिल्या बाजूच्या शेवटी आवाज किती जास्त वा कमी आहे ते मोजायचे. तेवढे तुकडे छाटायचे किंवा शांततेचे तुकडे भरायचे. ती चार बाइटची खूण काढायची. आणि मग सगळे एका नव्या घड्याळात गुंफायचे. पीजीसीडीमक्स आणि मक्समॅन ही यासाठी वापरली गेलेली साधने. यात चित्र पुन्हा दाबले जात नाही, ही मोठी जमेची बाजू. हे काम रफू करणाऱ्याच्या हातांचे आहे: धागा मूळ कापडाचाच घ्यायचा आणि टाका उलट बाजूनेही दिसता कामा नये.

चित्रपटगृहात हेच काम वर्षानुवर्षे हातांनी होत होते, हे आज आठवावे लागते. पस्तीस मिलिमीटरच्या दोन हजार फुटी रिळात जेमतेम बावीस मिनिटांचा चित्रपट मावे. ऑपरेटरच्या खोलीत दोन प्रोजेक्टर असत. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमकला की दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची, काही सेकंदांनी दुसरा ठिपका आला की प्रकाश बदलायचा. चांगल्या ऑपरेटरच्या हाताखाली अख्ख्या थिएटरला रीळ बदलल्याचा पत्ता लागत नसे. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना डीव्हीडीचा सांधा इतका का टोचतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आज बहुतेकांसाठी सोपा आणि माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग एमकेव्ही फायलीचा आहे. मेकएमकेव्ही हे साधन प्रत्येक बाजूची एक फाइल करून देते, चित्र आणि आवाज जसेच्या तसे ठेवून. मग मोरित्झ बुंकुस यांच्या एमकेव्हीटूलनिक्समध्ये दुसरी फाइल पहिलीला जोडायची. यात एक बारकावा आहे. जोडण्याच्या दोन रीती मिळतात. एका रीतीत चित्र चित्राच्या मागे आणि आवाज आवाजाच्या मागे आपापल्या हिशेबाने लागतो. म्हणजे वर सांगितलेला सरकण्याचा धोका आलाच. दुसऱ्या रीतीत पहिल्या फाइलमधला जो प्रवाह सर्वांत शेवटी संपतो त्याची वेळ धरून दुसऱ्या फाइलमधले सगळे एकत्रच पुढे ढकलले जाते. साधन आपणहून ही दुसरी रीत वापरते. ती बदलू नये. सांध्यावर एखादी चौकट क्षणभर जास्त थांबेल, पण उत्तरार्धाचे ओठ आणि शब्द जुळलेले राहतील.

सबटायटलचे मात्र वेगळे पाहावे लागते. डीव्हीडीवर सबटायटल म्हणजे अक्षरे नसून छोटी चित्रे असतात, आणि त्यांचे रंग सोळा रंगांच्या एका तक्त्यावरून घेतले जातात. दोन बाजूंचे तक्ते वेगळे असतील तर जोडल्यावर दुसऱ्या भागाला पहिल्याचा तक्ता लागतो, आणि पांढरी अक्षरे मध्यानंतर एकदम हिरवी किंवा काळी होतात. जोडताना साधन इशारा देते, तो वाचायला हवा. तक्ता आधीच दुरुस्त करून घेतला की प्रश्न मिटतो.

सांध्याच्या आजूबाजूची साफसफाईही इथेच करायची. पहिल्या बाजूच्या शेवटी बहुधा तबकडी उलटण्याची सूचना असते, दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला कंपनीचे बोधचिन्ह किंवा कायद्याची पाटी. ती वेगळ्या तुकड्यात असेल तर तेवढा तुकडा वगळायचा. चित्राच्याच तुकड्यात मिसळलेली असेल तर वाटेल तिथे कात्री लावून चालत नाही. डीव्हीडीचे चित्र ज्या पद्धतीने साठवलेले असते त्या एमपेग-२ मध्ये पूर्ण चौकट दर अर्ध्या सेकंदाच्या आसपास एकदाच येते. मधल्या चौकटी शेजारच्यांच्या आधाराने उभ्या असतात. त्या पूर्ण चौकटीवरच कापावे. आणि बाजू संपताना संगीत मुद्दाम विरत नेलेले असेल, तर ते विरणे तसेच राहू द्यावे. त्यावर नवे संगीत चढवणे किंवा काळा पडदा वाढवणे मला मान्य नाही.

ज्यांना फाइल नको, टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घालायला तबकडीच हवी, त्यांच्यासाठी दुहेरी थराची कोरी तबकडी २००४ पासून मिळते. इथे मला या साऱ्या विषयातली सर्वांत देखणी युक्ती भेटते. दुहेरी थराच्या तबकडीवर पहिला थर संपून दुसरा सुरू होताना लेझरला नव्याने नेम धरावा लागतो आणि बहुतेक प्लेअर तिथे क्षणभर थबकतात. म्हणजे एक छोटासा विराम तबकडीत आहेच, टाळता येत नाही. मग तो चित्रपटाच्या जुन्या सांध्यावरच का नेऊन ठेवू नये? पहिली बाजू पहिल्या थरावर, दुसरी बाजू दुसऱ्या थरावर. सांध्यावरच्या तुकड्याला 'इथे सलग नाही' अशी अधिकृत खूण करायची, म्हणजे प्लेअर घड्याळ शून्यावर आणायला मोकळा होतो. दोन अडचणी एकाच जागी येतात आणि एकमेकींना झाकतात. शिवाय सांधा मुळात प्रसंग बदलतानाचा असेल तर तो विराम जाणवतही नाही. 'बेन-हर' किंवा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'सारख्या, चित्रपटातच मध्यंतर असलेल्या कृतीला तर ही रचना शोभूनच दिसते.

नियम मात्र पाळायला हवेत. थर बदलण्याची जागा तुकड्याच्या आरंभी आणि सोळा सेक्टरांच्या गटाच्या सीमेवरच असावी लागते, आणि पहिला थर दुसऱ्यापेक्षा लहान चालत नाही. तबकडी लिहिणाऱ्या इम्गबर्न या साधनात योग्य जागांची यादी समोर येते, त्यातून निवडता येते. आणि जागेचे गणित पुन्हा आडवे येते: दुहेरी थरात खड्डे किंचित लांब असतात, त्यामुळे एका थरावर ४.७ नव्हे, सुमारे ४.२७ जीबीच मावते. काठोकाठ भरलेली बाजू त्यात बसत नाही. तेव्हा आधी दुसऱ्या भाषांचे आवाज आणि जाहिराती गाळाव्यात. चित्र दाबण्याची वेळ आणू नये. तरीही बसत नसेल तर एमकेव्हीकडे वळावे, हेच माझे उत्तर.

कायद्याविषयी स्पष्ट बोलायला हवे. व्यापारी डीव्हीडीवर सीएसएस नावाचे कुलूप असते. १९९९ मध्ये ते उघडणारा प्रोग्राम पसरला. त्या प्रोग्रामवरून नॉर्वेच्या योन योहान्सनवर खटला झाला आणि २००३ मध्ये तो दोन्ही न्यायालयांतून निर्दोष सुटला. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याखाली कुलूप उघडणे हाच गुन्हा धरला गेला आणि घरगुती प्रतीसाठीची साधने विकणाऱ्या कंपन्या तिथल्या न्यायालयात हरल्या. ब्रिटनने २०१४ मध्ये खासगी प्रतीला परवानगी दिली, पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती रद्द केली. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, आणि कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी केलेल्या कृतीला त्यातून वगळते. कलम ५२ खासगी वापरासाठीच्या रास्त व्यवहाराला जागा देते. विकत घेतलेल्या स्वतःच्या तबकडीची घरातली प्रत आणि वाटण्यासाठी, विकण्यासाठी केलेली प्रत यांतली रेघ मी कधीच ओलांडत नाही, आणि वाचकांनीही ओलांडू नये. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथला कायदा वेगळा आहे हे ध्यानात ठेवावे.

हा प्रश्न आपल्या घरांपासून दूरचा नाही. महाराष्ट्रात डीव्हीडीच्या आधी व्हीसीडी आली होती. तिच्यावर ७४ मिनिटांच्या आसपासच मावे, म्हणून मराठी चित्रपट दोन तबकड्यांवर येत आणि मध्यंतराच्या सुमारास एक काढून दुसरी घालावी लागे. २००७ मध्ये मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्यावर त्या कपाटाकपाटांत पोचल्या. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. या तबकड्यांची जोड तर पुष्कळच सोपी आहे. एमपेगएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल उचलायची, दोन्ही भाग एमकेव्हीत जोडायचे. दोन्ही मिळून दीड जीबीच्या आतबाहेर. तबकडीच हवी असेल तर ते चित्र डीव्हीडीला जसेच्या तसे चालते. फक्त आवाज ४४.१ किलोहर्ट्‌झवरून ४८ वर न्यावा लागतो. व्हीसीडीचे चित्र मुळातच कमी तपशिलाचे असते, म्हणून ते आणखी दाबण्याचा विचारही करू नये.

प्रत झाल्यावर ती तपासण्यात मी कंजुषी करत नाही. सांध्याच्या आधीची दोन आणि नंतरची दोन मिनिटे हेडफोन लावून ऐकतो. सांध्यापलीकडच्या चॅप्टरवर थेट उडी मारून पाहतो. सबटायटल लावून शेवटची दहा मिनिटे पाहतो, कारण सरकलेला आवाज तिथेही पकडता येतो. तबकडी असेल तर ती संगणकावर नव्हे, घरातल्या सर्वांत जुन्या प्लेअरवर लावतो.

घाई करण्याचे कारण तबकड्या स्वतःच आहेत. दोन चकत्यांमधला चिकटा सुटतो, आतला चकाकता थर काळवंडतो. २००६ ते २००८ दरम्यान छापलेल्या काही डीव्हीडी निकामी होत असल्याचे वॉर्नरने २०२५ मध्ये मान्य केले. दुबाजू तबकडीला तर पाठच नाही. बोटांचे ठसे आणि ओरखडे दोन्हीकडून माहितीवरच पडतात. तुमच्याकडे अशी तबकडी असेल, किंवा जुन्या मराठी चित्रपटाची दोन तुकड्यांतली व्हीसीडी असेल, तर ती या आठवड्यात बाहेर काढा. कडेने धरून उजेडात पाहा, मऊ कापडाने मधून बाहेरच्या दिशेने पुसा, दोन्ही भाग आधी जसेच्या तसे संगणकावर उतरवून घ्या. जोडायला पुढे वेळ मिळेल. मूळ तबकडी टाकून देऊ नका.